फक्त भाऊसाहेबांसाठी

"मी आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यातला एकही माणूस विश्वास ठेवणार नाही," मी म्हणालो. "लावा पैज. ज्याला खोटं सापडेल त्यानं तोंडावर 'खोटं' म्हणायचं. मग सगळ्या बाकड्याला चहा माझ्याकडून."

"आणि नाही सापडलं तर?" पठाणचाचांनी विचारलं.

"तर तुमच्याकडून."

"म्हणजे चहा पक्का," उंडे मास्तर म्हणाले. "भाऊसाहेब तोंड उघडणार म्हटल्यावर खोटं शोधायला काय दुर्बीण लागते?"

नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. बँकेत आम्ही सगळे पेन्शनवाले हयातीच्या दाखल्यासाठी जमलो होतो. आपण अजून मेलेलो नाही हे सरकारला दरवर्षी एकदा अंगठा दाबून सांगावं लागतं. माझा अंगठा त्या यंत्राला तीनदा दाखवला, तिन्ही वेळा त्यानं मला ओळखायला नकार दिला. चौथ्यांदा अंगठा टेकवणार तेवढ्यात सर्व्हरच बसला. आतली मुलगी म्हणाली, "काका, अर्धा तास बसा."

बाकड्यावर आम्ही चौघं. मी, गजानन खरमाळे, पंचायत समितीत आस्थापनेच्या टेबलाला हयात घालवलेला कारकून. माझ्या उजवीकडे इस्माईल पठाण, त्याच ऑफिसच्या जीपचे ड्रायव्हर. त्यांच्या पलीकडे उंडे मास्तर, हायस्कुलात गणित शिकवायचे. त्यामुळे कुठल्याही गोष्टीत आधी चूक शोधायची, ही खोड. आणि बाकड्याच्या टोकाला एक बाई. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक. मुलाकडे पुण्याला असते, दाखल्यापुरती आलेय, एवढंच त्यांनी आल्या आल्या सांगितलं होतं.

"सांगा," पठाणचाचा म्हणाले. "पण वाघाची नको. वाघ मागच्या वर्षी झाला."

"वाघाची नाही, कंप्यूटरची. आपल्या ऑफिसात पहिलं मशीन आलं त्या वर्षीची."

"ज्या वर्षी तुमची बदली झाली ते वर्ष? एकदम जिल्ह्याच्या टोकाला?"

"बदली झाली नाही. मी मागून घेतली," मी म्हणालो. "करवंदांसाठी. तिकडची करवंदं कशी असतात माहितेय? लिंबाएवढी."

उंडे मास्तरांनी तोंड उघडलं. मी हात वर केला. "करवंदं पैजेत धरायची नाहीत. पैज गोष्टीवर आहे."

तर ऐका.

त्या वर्षी वाकणकर मॅडम आम्हाला गटविकास अधिकारी होत्या. बारीक बाई, पण आवाज असा, की मॅडम फोनवर बोलायला लागल्या की पलीकडचा माणूस फोन बंद करून खिडकीतूनच ऐकायचा. एका बुधवारी त्यांनी मला आत बोलावलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं. टेबलावर दोन पानी तक्रार होती आणि तिला टाचणीनं अडकवलेली पुडी. पुडीत फुटलेल्या पाटीचा तुकडा.

तक्रार होती एका प्राथमिक शाळेच्या बाईंची. शाळा माझ्याच गावची. माझ्या घराची मागची भिंत आणि शाळेची मागची भिंत यांच्यामधून एक शेळी जेमतेम जाईल. दोन वर्षांपूर्वी शाळेवर नवा स्लॅब पडला होता. आता त्याच्या सळ्या बाहेर डोकावत होत्या. मागच्या सोमवारी तिसरीच्या वर्गात वरून गिलाव्याचा पोपडा पडला, तो एका मुलीच्या पाटीवर. ती पाणी प्यायला उठली होती म्हणून पाटी फुटली. उठली नसती तर काय फुटलं असतं, ते बाईंनी लिहिलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती. त्या छताखाली साठ पोरं बसत होती.

"बाईंचं नाव काय?" उंडे मास्तरांनी विचारलं.

"ते सांगायची मला परवानगी नाही."

"वीस वर्षं झाली की हो! फाईल कधीच बंद झाली असेल."

"फाईल बंद झाली, मास्तर. परवानगी बंद होत नाही. ती जिनं फाईल दिली तिच्याकडेच राहते. पुढं ऐका."

स्लॅब टाकला होता धनाजी घुगरे यांनी. घुगरे म्हणजे सभापतींचे सख्खे मेहुणे. सभापतींची केबिन मॅडमच्या केबिनला लागून. घुगऱ्यांना नाव कळलं असतं तर बाई शनिवारपर्यंत अशा गावाला गेल्या असत्या जिथं टपालसुद्धा रडत रडत जातं. आणि बाईंचा नवरा अंगावरून वारं गेल्यामुळे दोन वर्षं अंथरुणावर होता. घास भरवण्यापासून कूस बदलण्यापर्यंत सगळं बाईच करायच्या. म्हणूनच तक्रारीच्या वर त्यांनी लिहिलं होतं, 'माझे नाव गुप्त ठेवावे ही कळकळीची विनंती.'

"सोमवारी जिल्ह्याहून तपासणीचं पथक येतंय," मॅडम म्हणाल्या. "तोवर हे नाव या खोलीबाहेर जायचं नाही. मूळ कागद माझ्या कपाटात राहील. टाइप केलेली प्रत मशीनमध्ये. तुम्ही सोमवारी तिच्यावर पत्र तयार करा आणि त्या रेश्माचं ऱ्हस्व-दीर्घ तेवढं बघा."

रेश्मा तांबोळी ही आमची ऑपरेटर. वय बावीस, जीभ पंचवीस. तिनं प्रत टाइप करून 'गोपनीय' नावाच्या खणात ठेवली आणि मला समजावून सांगितलं.

"भाऊसाहेब, लोखंडी कपाटाची किल्ली ज्याच्या हाताला लागेल तो कपाट उघडतो. बरोबर? इथं तसं नाही. इथं कपाटच माणूस ओळखतं. ज्याला परवानगी त्यालाच उघडतं. कुणी नुसतं वाचायचं, कुणी आत दुरुस्ती करायची, तेसुद्धा वेगळं वेगळं ठरवता येतं."

"आणि परवानगी नसलेल्यानं दार वाजवलं तर?"

"तर मशीन नाही म्हणतं."

"नुसतं नाही म्हणतं? ओरडत नाही?"

"ते सभापती नाहीत, भाऊसाहेब."

मॅडमनी आतूनच हुकूम सोडला, "रेश्मा, मला सगळं. आणि फक्त भाऊसाहेबांना वाचायची आणि दुरुस्तीची परवानगी. तिसऱ्या कुणालाही नाही."

"दिली, मॅडम," रेश्मा म्हणाली. "फक्त भाऊसाहेबांना."

आता मंडळी, खरं सांगतो, त्या दिवशी माझी छाती एवढी फुगली की सदऱ्याचं वरचं बटण तुटून सभापतींच्या चहात पडलं.

"खो..." उंडे मास्तर म्हणाले.

"बटण अलंकार म्हणून सोडा, मास्तर. पैज मुद्द्यावर आहे."

टोकाच्या बाई गालात हसल्यासारख्या वाटल्या. काळ्या चष्म्यामुळे नीट कळलं नाही.

शुक्रवार उजाडला. मॅडम मीटिंगला जिल्ह्याच्या गावी.

"जीप मी नेली होती," पठाणचाचा म्हणाले. "घाटात पंक्चर झाली. यायला संध्याकाळ."

"घ्या, साक्षीदारच मिळाला. मॅडम नाहीत. रेश्माच्या मावसबहिणीची मंगनी, ती रजेवर. मी सही करून आत आलो, तर मशीनसमोर विलास डोईफोडे बसलेला."

डोईफोडे म्हणजे आमच्याच ऑफिसातला बांधकामाच्या टेबलाचा कारकून. पगार सरकारचा, पण चहा घुगऱ्यांचा. त्याच्या भाच्याच्या लग्नाची पत्रिका टाइप करायला म्हणून तो बसला होता. पण पडद्यावर पत्रिका नव्हती. 'गोपनीय'चा खण उघडा होता.

चूक आमचीच. खणाला 'गोपनीय' नाव देणं म्हणजे पेढ्यांच्या डब्यावर 'मांजरांनी येऊ नये' असं लिहून ठेवणं. 'जुनी परिपत्रकं' असं नाव दिलं असतं तर त्यात देवानंसुद्धा डोकावून पाहिलं नसतं.

"विलासराव, हे कसं उघडलं?" मी विचारलं.

"उघडलं की. मी तर नुसतं दाबलं."

"पण ते फक्त भाऊसाहेबांसाठी आहे!"

डोईफोडेनं माझ्याकडे इतक्या निरागसपणे पाहिलं की मला क्षणभर त्याची दया आली. "मग? मीपण भाऊसाहेबच की."

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. मंडळी, आपल्या भागात तलाठी भाऊसाहेब, ग्रामसेवक भाऊसाहेब, कारकून भाऊसाहेब. ज्याच्या खिशाला पेन तो भाऊसाहेब. रेश्मानं मशीन आलं त्या दिवशी त्यात तीनच माणसं घातली होती. एक मॅडम, एक ती स्वतः, आणि तिसरा 'भाऊसाहेब'. हा तिसरा म्हणजे आम्ही अकराच्या अकरा कारकून. सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड, एक दोन तीन चार, आणि तोसुद्धा विसरू नये म्हणून चिठ्ठीवर लिहून मशीनच्या कपाळाला चिकटवलेला. मॅडम म्हणाल्या भाऊसाहेबांना, म्हणजे मला. रेश्मानं परवानगी दिली भाऊसाहेबांना, म्हणजे सगळ्यांना. दोघीही खऱ्या. मेलो मी.

डोईफोडे पहिलं पान वाचत होता. विषय वाचला, शाळेचं नाव वाचलं. आता खाली, दुसऱ्या पानावर. तिथं शेवटी बाईंचं नाव. त्यानं बोट उचललं. आणि फट्! अकरा वाजले. लोडशेडिंग.

"महावितरणानं आयुष्यात केलेलं एकमेव पुण्य," उंडे मास्तर म्हणाले.

"त्या मशीनला बॅटरी होती, पण ती आम्हाला मिळाली तेव्हाच निवृत्त झालेली होती. अकरा ते दोन वीज नाही. डोईफोडे उठला आणि बाहेर फोनच्या दुकानाकडे पळाला. कुणाला फोन केला असेल ते सांगायला नको."

मी विचार केला. रेश्माचा पत्ता नाही, मॅडम मीटिंगमध्ये. परवानगी काढून कशी घेतात ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी विजेशिवाय काय करणार? म्हणजे दोन वाजता जो त्या खुर्चीत असेल, त्याचं राज्य. मी जाऊन खुर्चीत बसलो.

तीन तास बसलो, मंडळी. पाणी नाही, लघवी नाही. जेवणाचा डबा कुणीतरी समोर आणून ठेवला, तर तो उघडायला हात मोकळे करायचीसुद्धा मला भीती. डोईफोडे चारदा येऊन म्हणाला, "भाऊसाहेब, पाय मोकळे करून या." मी म्हणालो, "माझे पाय जन्मतःच मोकळे आहेत."

साडेबाराला घुगरे आले. पांढरे कपडे, बोलणं असं गोड की मुंग्या लागाव्यात. माझ्यासाठी भेळ घेऊन आले होते. पाठोपाठ सभापतींच्या केबिनमधून निरोप आला, 'वीज आली की मशीनमधलं शाळेचं जे काय आहे ते घुगरेसाहेबांना दाखवा.' आता नाही म्हणायचं कुणाला? मॅडम असत्या तर त्या म्हणाल्या असत्या. मी कोण? अकरातला एक भाऊसाहेब.

"मला राग नाही हो," घुगरे म्हणाले. "तक्रार करणाऱ्याला भेटावं, त्याची समजूत काढावी, एवढंच. माणूस शाळेतलाच असणार, नाही का?"

"शाळेत पोरं साठ आहेत," मी म्हणालो. "अक्षर सुधारलं असेल एखाद्याचं."

सव्वा एक झाला आणि दारात बाई उभ्या. त्याच. तक्रारवाल्या. महिन्याचा पट द्यायला आल्या होत्या. उन्हाची हिरवी छत्री हातात. त्यांनी घुगऱ्यांना पाहिलं, मला पाहिलं, अंधारलेल्या मशीनकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं.

"या, बाई," घुगरे म्हणाले. "बरं झालं आलात. तुमच्या शाळेतलं कुणीतरी आपल्यावर नाराज आहे म्हणे. कोण असेल?"

बाईंच्या चेहऱ्याचा पार कागद झाला. डोळ्यांत टचकन पाणी आलं, त्यांनी पदर तोंडाला लावला आणि हुंदका...

टोकाच्या बाईंनी खाकरलं.

"पाणी देऊ का?" पठाणचाचांनी विचारलं.

"नको. बोलू द्या त्यांना," त्या म्हणाल्या.

...हुंदका कसाबसा गिळला. "मला काय माहीत," म्हणाल्या, आणि माझ्या खुर्चीमागे भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. निघून गेल्या असत्या तर बरं, असं मला वाटलं. पण बाई हलेनात.

दोन वाजले. पंखा फिरला. मशीन चालू झालं आणि निळ्या पडद्यावर म्हणालं, 'मला नीट बंद केलं नव्हतंत, आता मी स्वतःला तपासतो.' एक टक्का. दोन टक्के. चार टक्क्यांवर असं अडकलं की तेवढ्या वेळात ज्वारी पेरून, राखून, कापून खळ्यावर आली असती. घुगरे माझ्या डाव्या खांद्यावर, डोईफोडे उजव्या. मागे बाई. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

शंभर टक्के झाले. मी पासवर्ड घातला, एक दोन तीन चार, आणि म्हणालो, "विलासराव, साहेबांना छापील कागद लागेल ना? मग मागच्या खोलीतला स्टॅबिलायझर चालू करा. त्याशिवाय प्रिंटर उठत नाही." डोईफोडे गेला. राहिले घुगरे. त्यांनी खिशातून चष्मा काढला. आणि देवाची करणी बघा, दीड तास घामेजल्या खिशात राहिल्यानं काचा धुरकटलेल्या. त्यांनी रुमाल काढला आणि काचा पुसायला घेतल्या.

चष्म्याच्या दोन काचा पुसायला माणसाला किती वेळ लागतो, मास्तर?

"बारा सेकंद," उंडे मास्तर म्हणाले. "नीट पुसल्या तर वीस."

माझ्याजवळ वीस सेकंद. मी दुसऱ्या पानाच्या तळाला गेलो. तिथं होतं, 'तरी पाहणी व्हावी अशी विनंती करते. आपली विश्वासू,' आणि खाली बाईंचं नाव. आता माझ्या टायपिंगबद्दल तुम्हाला ठाऊक आहे. ऑफिसात टाइपरायटर होता तेव्हा माझ्या बोटांखाली कागद करपायचा, शिपाई पाणी घेऊन शेजारी उभा असायचा. मशीनवरच्या कळा टाइपरायटरच्याच. मला दुरुस्तीची परवानगी होती. मी दुरुस्ती केली.

मराठीची एक गंमत आहे, मंडळी. नाव पुसलं तरी बाई क्रियापदात उरते. म्हणून आधी 'करते'ला एक काना दिला. झाला 'करतो'. एका कान्यात बाईचा बाप्या. मग 'आपली'चं 'आपला'. आणि मग खालचं नाव खोडून तिथं दुसरं घातलं.

"कुणाचं?" पठाणचाचा पुढं सरकले.

"शाळेची जागा दान कुणी दिली होती, आठवतंय?"

"घुगऱ्यांच्या वडिलांनी. रंगनाथ घुगऱ्यांनी. देवमाणूस."

"वारून किती वर्षं झालेली?"

"आठ-नऊ झाली असतील."

"तेच नाव घातलं," मी म्हणालो.

मास्तर आणि चाचा दोघंही पुढं झुकले. मला आवडतात तसे.

घुगऱ्यांनी चष्मा लावला. वाकले. वाचलं. 'आपला विश्वासू, रंगनाथ धोंडिबा घुगरे.' परत वाचलं. त्यांच्या हातातला रुमाल खाली पडला. पायातल्या चपला काढल्या, मशीनला दोन्ही हात जोडले आणि "आबा, चुकलं माझं," म्हणून जे मागं सरले, ते थेट सभापतींच्या केबिनच्या दारावर पाठमोरे आदळले. डोईफोडे प्रिंटर चालू करून आला, तर खोलीत फक्त चपला. मी भेळ संपवली.

पठाणचाचा हसून हसून खोकायला लागले. उंडे मास्तरसुद्धा मांडीवर थाप मारत होते. "मशीनला हात जोडले!"

"सोमवारी पथक आलं," मी म्हणालो. "इंजिनिअरनं हातोडी मारली, तर स्लॅब शिळ्या भाकरीसारखा तुटायला लागला. त्याच दिवशी पोरं मारुतीच्या सभामंडपात हलवली. वर्षभर तिथंच शाळा. पुढच्या वर्षी नवी इमारत उभी राहिली, अजून उभी आहे, खिळा मारायचा तर दोन खिळे वाकतात. बाईंचं नाव कुणाला कळलं नाही. बाईंची बदली झाली नाही. त्या मुलीला मॅडमनी स्वतः नवी पाटी नेऊन दिली. मी सोमवारी सकाळी आधी मॅडमना सगळं सांगितलं, त्यांनी ती प्रत पुन्हा मूळ कागदाप्रमाणे करून घेतली. आणि रेश्मानं अकरा भाऊसाहेबांचं एका दिवशी बारसं केलं. अकरांना अकरा नावं, अकरा पासवर्ड. कपाळावरची चिठ्ठी फाडली."

"आणि तुम्ही?"

"मी जूनमध्ये गेलो की. करवंदं पिकायला."

"सहा वर्षं?" पठाणचाचा म्हणाले. "वहिनी इथं, तुम्ही तिथं. संध्याकाळी जाणारी एकच एसटी."

"करवंदं फार होती, चाचा."

आतून मुलीचा आवाज आला, "सर्व्हर आला! खरमाळे काका, अंगठा!"

मी उठलो. "बोला मंडळी. पटलं? कुणी काही म्हणालं नाही. चहा तुमच्याकडून."

"मशीनला हात जोडले ते थोडं जास्त झालं," उंडे मास्तर म्हणाले. "पण सिद्ध करता येत नाही. मान्य."

"खोटं," टोकाच्या बाई म्हणाल्या.

सगळे वळले. बाईंनी काळा चष्मा काढला. उजेडानं डोळ्यांची उघडझाप होत होती, तरी त्या सरळ माझ्याकडेच बघत होत्या.

"एक तर मी रडले नव्हते," त्या म्हणाल्या. "पदर तोंडाला लावला होता तो तुमच्या भेळेतल्या कांद्यामुळे. आणि काना दिलात तेवढं खरं. पण नाव रंगनाथ घुगऱ्यांचं नव्हतं. मी मागंच उभी होते, छत्री धरून. तुम्ही लिहिलंत, गजानन महादू खरमाळे. शाळेच्या भिंतीला भिंत लागलेलं घर तुमचं. घुगऱ्यांनी वाचलं, त्यांना पटलंही. चपला पायातच होत्या. त्यांनी चष्मा घडी करून खिशात ठेवला, आणि म्हणाले, 'भाऊसाहेब, डोंगराकडचं कोणतं गाव आवडतं तुम्हाला?'"

पठाणचाचांचं हसू गालावर तसंच थांबलं. उंडे मास्तर एकदा बाईंकडे, एकदा माझ्याकडे बघत होते.

"खरमाळे काका!" आतून पुन्हा हाक आली.

"मास्तर, तुम्ही नाव विचारत होता ना," बाई म्हणाल्या. "मंदाकिनी यशवंत सोनटक्के. तक्रार माझी. आता परवानगी आहे." त्यांनी पासबुकाची पिशवी उचलून माझ्यासाठी बाकड्यावर जागा केली. "अंगठा देऊन या. मग चहा सांगा, भाऊसाहेब. आल्याचा."